मोजणीदार गाउसच्या गावाला

भूमी अभिलेख खात्यात चौतीस वर्षं मोजणी केली, त्यातली निम्मी वर्धा नि हिंगणघाटच्या काळ्या शिवारात. त्यामुळे कार्ल फ्रीदरिश गाउस हे नाव माझ्यासाठी आधी मोजणीदाराचं आणि मग गणितज्ञाचं. शाळेत सगळ्यांनी ऐकलेली १ ते १०० च्या बेरजेची गोष्ट मलाही माहीत होती, पण खरी ओळख झाली ती ट्रेनिंगमध्ये, साहेबांनी फळ्यावर त्रिकोण काढून विचारलं की तीन कोन मोजले, बेरीज १८० अंश यायला हवी आणि आली १८० अंश ९ सेकंद (एक सेकंद म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग), आता हे ९ सेकंद कुणाच्या खात्यावर टाकायचे? ते कसे वाटायचे ते गाउसने शिकवलं असं ते म्हणाले आणि तेव्हापासून हा माणूस डोक्यात बसला.

लेक आणि जावईबापू जर्मनीत हॅनोव्हरला असतात. या जूनमध्ये आम्ही दोघं गेलो तेव्हा मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की म्युनिक-बर्लिन काय ते तुमच्या सोयीने दाखवा, मला चार दिवस गाउसच्या गावाला जायचंय. ही म्हणाली मीही येते. लेकीने दोघांची डॉइचलंड तिकिटं काढून दिली, म्हणजे लोकल गाड्या आणि बस महिनाभर फुकट फिरल्यासारख्या.

दिवस पहिला, ब्राउनश्वाइग

हॅनोव्हरहून रिजनल गाडीने पाऊण तासात पोचलो. गाउसचा जन्म इथला, ३० एप्रिल १७७७. ही तारीख कशी कळली ते मला फार आवडतं. आई डोरोथेआला लिहिता येत नव्हतं, मुलाची तारीख तिने कुठे नोंदवली नव्हती, तिला एवढंच आठवत होतं की बुधवार होता आणि ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा सण आठ दिवसांवर होता. आपल्याकडच्या आज्या सांगायच्या ना, पोळ्याच्या आदल्या दिवशी झाला, अगदी तसंच. आता तो सण ईस्टरवर अवलंबून आणि ईस्टर दरवर्षी चंद्रावर सरकतो, तर या पोराने मोठं झाल्यावर कुठल्याही वर्षाचा ईस्टर काढायची रीतच बसवली आणि १८०० मध्ये छापली. त्या रीतीत १७७७ घातलं की आईचा बुधवार बरोबर ३० एप्रिलवर येतो.

जन्माचं घर विल्हेल्मश्ट्रासवर होतं. आता नाही. पूर्वी तिथे म्युझियम होतं, ते दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात गेलं. रस्ता आहे, गाड्या आहेत, सायकली आहेत. बाप गेबहार्ड कधी माळीकाम करायचा, कधी गवंडीकाम, कधी पाण्याच्या कालव्यांवर काम, हातावरचं पोट. तीन वर्षांचा असताना या मुलाने बापाच्या मजुरांच्या हिशोबातली चूक दाखवली असं गाउस स्वतः म्हातारपणी सांगायचा. पोराने आपल्यासारखंच काहीतरी हाताचं काम धरावं असं बापाला वाटायचं, आणि त्याला मी दोष देणार नाही, गरिबाच्या घरात शिकणारं पोर म्हणजे कमावणारा एक हात कमी.

तिथून जवळच हागेनमार्क्ट चौकात काटारिनेन चर्च आहे, त्याच्याच शाळेत तो शिकला. बेरजेची गोष्ट तिथली. ब्युटनर नावाचे मास्तर, हातात छडी, वर्ग भरलेला, त्यांनी मुलांना गप्प बसवायला लांबलचक बेरीज दिली आणि नऊ-दहा वर्षांच्या गाउसने क्षणात पाटी टेबलावर टाकून गावठी बोलीत म्हटलं, ही पडली बघा. गंमत म्हणजे १ ते १०० हे आकडे मूळ गोष्टीत नाहीतच. गाउस गेल्यावर वर्षभराने, १८५६ मध्ये, त्याचा मित्र सार्टोरियस फोन वाल्टर्सहाउझेन याने चरित्र लिहिलं, त्यात फक्त ठरावीक अंतराने वाढणाऱ्या संख्यांची बेरीज एवढंच आहे. १ आणि १००, २ आणि ९९, अशा पन्नास जोड्या, प्रत्येकी १०१, एकूण ५०५०, हे पुढच्या सांगणाऱ्यांनी भरलं. मी कितीतरी नव्या पोरांना ती गोष्ट आकड्यांसकट सांगितलीय.

पण मला त्या गोष्टीतला दुसरा माणूस महत्त्वाचा वाटतो. ब्युटनरांच्या हाताखाली मार्टिन बार्टेल्स नावाचा मदतनीस होता, गाउसपेक्षा आठच वर्षांनी मोठा, त्याचं काम मुलांच्या लेखण्या नीट करून देणं. त्याने या पोराला जवळ घेतलं, दोघं एकत्र गणित शिकले. पुढे हाच बार्टेल्स रशियात कझानला प्रोफेसर झाला आणि तिथे त्याचा विद्यार्थी कोण तर युक्लिडपेक्षा वेगळी, नवी भूमिती मांडणारा लोबाचेव्हस्की! छडीच्या वर्गातला एक मदतनीस आणि त्याच्या हाताखालून अशी दोन माणसं गेली. मोठमोठे पुतळे गाउसचे आहेत, बार्टेल्सचा एखादा असायला हवा होता.

पुढे हुशारीची बातमी ड्यूक कार्ल विल्हेल्म फर्डिनांडपर्यंत गेली, त्याने चौदा वर्षांच्या मुलाला भेटायला बोलावलं आणि तिथून पुढे शिक्षणाचा खर्च उचलला, आधी इथल्या कोलेजियम कारोलिनममध्ये आणि १७९५ पासून ग्योटिंगेनला. तो ड्यूक १८०६ मध्ये नेपोलियनशी लढताना जखमी होऊन गेला.

दुपारी गाउसबेर्गला गेलो. जुन्या तटबंदीच्या उंचवट्यावर छोटी बाग, आणि त्यात फ्रिट्झ शापर याने केलेला १८८० चा पुतळा. सगळे पुतळ्याचं तोंड बघतात, मी चबुतरा बघत होतो कारण तिथे एक तारा आहे, सतरा टोकांचा. मोबाईलवर फोटो काढला, झूम केला आणि एकेका टोकावर बोट ठेवून मोजलं. सतरा. हिला दिलं, तिने पण मोजलं, तिचे आधी सोळा आले मग सतरा. ही १८ वर्षांच्या पोराची करामत आहे, ३० मार्च १७९६ ची. फक्त कंपास आणि पट्टी, पट्टीवर मापं नाहीत, एवढ्यावर तीन, पाच, पंधरा बाजूंच्या सारख्या आकृत्या काढायच्या रीती ग्रीकांना माहीत होत्या, पण सतरा बाजूंची निघते हे दोन हजार वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं, ते याने सिद्ध केलं आणि त्याच दिवशी वहीत नोंद केली. तोपर्यंत त्याचं ठरत नव्हतं की भाषा शिकायच्या की गणित, त्या दिवशी ठरलं. मग सतरा बाजूंची आकृती न कोरता तारा का? तर पाथरवट म्हणाला असं सांगतात की सतरा कोनांची आकृती दगडात वर्तुळासारखीच दिसली असती. मी हद्दीच्या दगडांवर खुणा कोरून घेतल्यात, पाथरवटाचं म्हणणं मला पटतं.

दिवस दुसरा, ब्रोकेन डोंगर

हा दिवस धुक्यात गेला. वेर्निगेरोडेपर्यंत गाडी आणि तिथून वाफेच्या इंजिनाची छोटी गाडी, ती थेट ब्रोकेनच्या माथ्यावर नेते, ११४१ मीटर. तिचं तिकीट वेगळं आणि महाग आहे पण जंगलातून धूर सोडत जाताना हिला आपली शकुंतला एक्स्प्रेस आठवली आणि पैसे वसूल झाले. वर उतरलो तर दहा पावलांपुढचं दिसेना. इथे वर्षातले बहुतेक दिवस असंच असतं म्हणे. जूनमध्ये स्वेटर, कानटोपी, आणि वाटाण्याचं गरम सूप.

मला इथे यायचं होतं कारण गाउसच्या सगळ्यात मोठ्या त्रिकोणाचा हा एक कोपरा. १८२० मध्ये हॅनोव्हर राज्याची मोजणी करायचा हुकूम त्याला मिळाला आणि १८२१ ते १८२५ असे पाच उन्हाळे तो स्वतः फील्डवर होता. त्रेचाळीस-चव्वेचाळीस वर्षांचा, अख्ख्या युरोपात नाव झालेला माणूस, ज्याची संख्यांवरची ग्रंथरचना १८०१ ला येऊन गेलेली, तो खेड्यापाड्यांत मुक्काम करून, डास नि उकाडा सोसून, टेकड्यांवर चढून कोन मोजत होता. झाडी आड आली की लाईन मोकळी करायला ती तोडून घ्यायची, हे वाचताना मला माझे दिवस आठवले, निंदण झालेल्या शेतात मधेच उभी तूर आणि शेतकरी म्हणतो एक झाडही तोडू नका.

त्याचे मित्र म्हणायचे की एवढ्या बुद्धीच्या माणसाने यात वेळ घालवू नये. पुष्कळ लेखकही तसंच लिहितात, की ती वर्षं वाया गेली. मला हे अजिबात मान्य नाही. जमिनीवर उभं राहून गोल पृथ्वी सपाट कागदावर आणताना जे प्रश्न आले त्यातूनच त्याचा वक्र पृष्ठभागांवरचा १८२७ चा ग्रंथ आला, आणि त्या ग्रंथात ब्रोकेनचा हा त्रिकोण उदाहरण म्हणून आहे. ब्रोकेन, होहर हागेन आणि थुरिंगियातला इन्सेल्सबेर्ग, बाजू साधारण ६९, ८५ आणि १०७ किलोमीटर. एवढा मोठा त्रिकोण सपाट राहत नाही, पृथ्वीच्या गोलाईमुळे कोनांची बेरीज १८० अंशांपेक्षा जवळपास १५ सेकंदांनी जास्त यायलाच पाहिजे. लोक लिहितात की अवकाशच वाकडं आहे का हे तपासायला त्याने हा त्रिकोण मोजला, पण अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही, आणि मला तर वाटतं की मोजणीचं काम होतं म्हणून मोजला.

१०७ किलोमीटरवरचा खांब दुर्बिणीतून दिसणार कसा? लुनेबुर्गला मोजताना लांब हॅम्बुर्गच्या मिखाएलिस चर्चच्या खिडकीची काच उन्हात चमकून त्याच्या डोळ्यात गेली, त्रास झाला, आणि त्या त्रासातून डोक्यात आलं की मग आरशानेच उन्हाचा झोत मुद्दाम टाकायचा. त्यातून १८२१ मध्ये हेलिओट्रोप हे यंत्र. छोटा आरसा, पण अचूक नेम धरता येणारा, समोरच्या डोंगरावरच्या माणसाला दिवसाढवळ्या तारा उगवल्यासारखा ठिपका दिसतो.

आणि आता आपल्याकडचं सांगतो. हिंगणघाटला विल्यम लॅम्बटनची कबर आहे, मी तिथे कितीदा उभा राहिलोय. मद्रासपासून १८०२ मध्ये त्रिकोणाला त्रिकोण जोडत निघालेला हा माणूस जानेवारी १८२३ मध्ये नागपूरच्या वाटेवर हिंगणघाटला वारला. म्हणजे गाउस इकडे ब्रोकेनवर उन्हाची वाट बघत होता त्याच सुमाराला आमच्या वर्धेच्या मातीत दुसरा मोजणीदार तेच काम करता करता संपला. लॅम्बटनच्या मागून मोजणीवर जॉर्ज एव्हरेस्ट आला, ज्याचं नाव शिखराला आहे तोच, आणि त्याने हिंदुस्थानच्या मोजणीत हेलिओट्रोप आणले. गाउसचा आरसा आपल्याकडच्या डोंगरांवर चमकलेला आहे! हे हिला सांगताना धुक्यात माझा आवाज चढला असणार, कारण बाजूच्या बाकावरची जर्मन आजी वळून बघायला लागली.

दोन तास थांबलो. सूर्य आला नाही. खाली आलो.

दिवस तिसरा, ग्योटिंगेन

इथे गाउस १८०७ मध्ये वेधशाळेचा प्रमुख म्हणून आला तो मरेपर्यंत इथेच राहिला. विद्यापीठाचं गाव, पोरं-पोरी सायकलवर, आणि जुन्या घरांवर पांढऱ्या पाट्या, इथे अमुक राहत होते, तमुक राहत होते.

नोकरी कशी मिळाली तर एका हरवलेल्या ग्रहामुळे. १ जानेवारी १८०१ ला इटलीत पालेर्मोला पियाझ्झी या खगोलशास्त्रज्ञाने सेरेस शोधला, तेव्हा त्याला ग्रहच मानलं, ११ फेब्रुवारीपर्यंत बघितला, मग तो सूर्याच्या उजेडात गेला आणि परत कुठे निघेल ते कुणालाच सांगता येईना. हातात फक्त ४१ दिवसांच्या नोंदी, प्रत्येक नोंदीत थोडी थोडी चूक. चोवीस वर्षांच्या गाउसने त्यावरून अख्खी कक्षा काढली आणि वर्ष संपता संपता फोन झाख आणि ओल्बर्स यांना सेरेस त्याच जागी सापडला. मोजणीवाल्याच्या भाषेत सांगायचं तर गटाच्या एका कोपऱ्यातले तीन दगड शिल्लक आणि त्यावरून पूर्ण हद्द बसवायची. यात त्याने वापरली ती किमान वर्गांची पद्धत, म्हणजे चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी येईल अशी चूक वाटायची रीत, माझ्या ट्रेनिंगमधले ते ९ सेकंद. फ्रेंच गणितज्ञ लजांद्रने ती १८०५ मध्ये आधी छापली, गाउस म्हणाला मी १७९५ पासून वापरतोय, आणि लजांद्रला ते फार लागलं.

हे त्याचं आयुष्यभराचं. पूर्ण पिकल्याशिवाय फळ उतरवायचं नाही. त्याच्या शिक्क्यावर झाड होतं, थोडीच फळं असलेलं, आणि शब्द होते, थोडं पण पिकलेलं. तरुणपणीच्या वहीत १४६ छोट्या नोंदी, त्यातल्या कितीतरी गोष्टी दुसऱ्यांनी पुढे स्वतंत्रपणे शोधल्या. मित्र फार्कस बोल्याई याच्या मुलाने, यानोशने, तीच युक्लिडपेक्षा वेगळी नवी भूमिती लिहून पाठवली तर १८३२ मध्ये गाउसने कळवलं की याची स्तुती म्हणजे माझीच स्तुती होईल, कारण मी हे सगळं तीस-पस्तीस वर्षांपासून जाणतो. ही म्हणाली, "अहो, पोराला नुसतं शाबास म्हटलं असतं तर याचं काय कमी झालं असतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. यानोश मनातून मोडला. त्याच गाउसने सोफी जर्मेनला, जी मुलगी म्हणून कुणी गणितात उभी करणार नाही या भीतीने ले ब्लां हे पुरुषाचं नाव घेऊन त्याला लिहायची, तिची खरी ओळख कळल्यावर १८०७ मध्ये मनापासून कौतुकाचं पत्र लिहिलं. दोन्ही पत्रं एकाच हातची.

गाउस-वेबर स्मारक बागेत आहे, गाउस बसलेला, त्याचा सोबती भौतिकशास्त्रज्ञ विल्हेल्म वेबर उभा. दोघांनी १८३३ मध्ये वेधशाळा आणि वेबरची प्रयोगशाळा यांच्यात गावाच्या छपरांवरून, योहानिस चर्चच्या मनोऱ्यांवरून किलोमीटरभर तार ओढली आणि विजेने निरोप धाडले. पुढे १८४५ मध्ये त्या तारेवर वीज पडली आणि ती गेली. आणि १८३७ मध्ये हॅनोव्हरच्या राजाने राज्यघटना रद्द केली म्हणून सात प्राध्यापकांनी निषेध केला, त्यात वेबर, परीकथांवाले ग्रिम बंधू, गाउसचा स्वतःचा जावई एवाल्ड. सातही जणांना काढून टाकलं. गाउसची सही नव्हती. साठीचा माणूस, घरात नव्वदी ओलांडलेली आंधळी होत चाललेली आई, हे सगळं मला कळतं, तरी स्मारकासमोर उभं राहून वाईट वाटलं. त्यानंतर त्याचं वेबरबरोबरचं काम हळूहळू कमी होत गेलं.

वेधशाळा गाइस्मार लांडश्ट्रासवर आहे, बसकी, पिवळट, मधे घुमट. १८१६ ला तयार झाली आणि तो कुटुंबासकट तिच्याच एका बाजूला राहायला आला. हिला दुर्बिणींपेक्षा आईची गोष्ट लागली. बाप गेल्यावर काही वर्षांनी, १८१७ ला, गाउसने डोरोथेआला इथे आणलं आणि १८३९ मध्ये ती जाईपर्यंत, बावीस वर्षं, सांभाळलं. पहिली बायको योहाना १८०९ मध्ये बाळंतपणात गेलेली, पाठोपाठ ते तान्हं बाळही. दुसरी मिना, तीही १८३१ मध्ये लांब आजारपणानंतर गेली. मुलांशी खटके उडाले, दोघं अमेरिकेला निघून गेले. ही वेधशाळेच्या पायरीवर बराच वेळ बसली होती, मी पाण्याची बाटली दिली तर म्हणाली, "म्हातारी लिहायला शिकली नाही, पण पोराचा बुधवार विसरली नाही बघा."

संध्याकाळी आल्बानी कब्रस्तान. आता बागच आहे ती, मोठी झाडं, तळं, आणि एका बाजूला त्याची कबर. २३ फेब्रुवारी १८५५, मध्यरात्रीनंतर झोपेतच गेला, ७७ वर्षांचा. हॅनोव्हरच्या राजाने पदक काढलं त्यावर लॅटिनमध्ये गणितज्ञांचा राजा, तेव्हापासून ते बिरुद चिकटलं. मेंदू काढून ठेवला, वजन केलं, १४९२ ग्रॅम, घड्या मोजल्या, की बुद्धी कुठे होती ते सापडेल. आणि २०१३ मध्ये कळलं की गाउस म्हणून ज्या बरणीकडे बघत होते ती कोन्राड फुक्स नावाच्या डॉक्टरची, दोन बरण्यांची अदलाबदल फार पूर्वीच झालेली. मला ही गोष्ट ऐकून हसू आलं नाही. माणसाची हुशारी बरणीत शोधायला नको होती, ती त्याच्या मोजणीच्या वह्यांत पानापानावर आहे. आयुष्यात दहा लाखांहून जास्त आकडे त्याने मोजणीपायी हाताळले असं म्हणतात, हातानेच, कॅल्क्युलेटर नाही, रात्री दिव्याखाली.

दिवस चौथा, होहर हागेन

हा दिवस माझ्यासाठी राखून ठेवला होता. लेक आणि नातू पण आले. ग्योटिंगेनच्या बाजारात सकाळी जुन्या नोटांवाल्याकडे दहा मार्काची नोट मिळाली, १९९१ ते २००१ चालत होती ती निळसर नोट, मला कित्येक वर्षं हवी होती. पुढच्या बाजूला गाउस आणि त्याच्या बाजूला घंटेसारखी वक्ररेषा सूत्रासकट. चूक कशी पसरते त्याची ही रेषा, थोडी चूक पुष्कळ वेळा, मोठी चूक क्वचित. पण मी उलटी केली. मागे मोजणीचं यंत्र, आरसेवालं, आणि खाली कोपऱ्यात नखाएवढं त्रिकोणांचं जाळं, उत्तर समुद्राच्या काठाचं, त्याच्याच मोजणीतलं. देशाच्या नोटेवर मोजणीचा नकाशा! चष्मा काढून, नोट डोळ्याशी धरून एकेक त्रिकोण बघितला. दुकानदाराने सांगितलं की जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेत दिली तर अजूनही बदलून मिळते. मी ती पाकिटात फोटोंच्या कप्प्यात ठेवली.

मग बसने ड्रान्सफेल्ड. गावाच्या दक्षिणेला होहर हागेन टेकडी, त्रिकोणाचा दुसरा कोपरा. पूर्वी वर दगडी गाउस टॉवर होता, पण डोंगर बेसॉल्टसाठी खणून खणून पोखरला आणि १९६३ मध्ये तो कोसळला, पुढच्या वर्षी नवा उंच टॉवर उभारला. खाण खणणारे दगड बघत नाहीत आणि दगडाने धरलेली जागाही बघत नाहीत, आपल्याकडे काही वेगळं नाही, किती त्रिकोणमितीचे ओटे खाणीत गेले.

नातू चार वर्षांचा, चढायला कंटाळला, म्हणून लेक त्याला घेऊन गावात आइस्क्रीमच्या दुकानाबाहेर थांबली. आम्ही दोघं वर. मी घरून दाढीचा आरसा आणला होता, वर्ध्याहून, टॉवेलात गुंडाळून. टॉवरजवळ गावाच्या बाजूने उघडी जागा सापडली, चार वाजले होते, ऊन पश्चिमेला कललेलं. लेकीला फोन केला, टेकडीकडे तोंड करून उभी राहा. डावा हात लांब करून दोन बोटांच्या बेचक्यात चर्चचा मनोरा धरला, आरशाचा कवडसा आधी बोटांवर आणला आणि मग हळूहळू बेचक्यातून पुढे सोडला. हाताच्या थरथरीने झोत हलतो, म्हणून हिने माझं कोपर धरून ठेवलं.

"काही नाही बाबा," लेक म्हणाली. परत नेम धरला. "नाही." तिसऱ्यांदा मी श्वास रोखला, आणि फोनमधून आधी नातवाचा आवाज आला, "आजोबा, चांदणी!" मग लेकीचा, "दिसलं बाबा, दिसलं, काय चमकतंय!"

ही म्हणाली, "द्या मला," आणि तिने आरसा घेतला. मी ईशान्येकडे वळून ब्रोकेन दिसतो का ते बघत राहिलो. आभाळ मोकळं होतं पण लांबवर धुरकट पट्टा होता, तो काही दिसला नाही.